सॅल्मनच्या उवा वेचणारे मासे

नॉर्वेच्या किनाऱ्यालगत समुद्रात सोडलेल्या प्रचंड जाळीदार पिंजऱ्यांत अटलांटिक सॅल्मन वाढवले जातात. (आपल्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळणारा रावस वेगळा.) दाटीवाटीत राहणाऱ्या या माशांना सतावतात त्या सागरी उवा. नाव उवांचे असले तरी हे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले कवचधारी परजीवी आहेत. सॅल्मनच्या अंगाला चिकटून ते त्याची त्वचा आणि रक्त खातात. औषधांचा मारा वारंवार झाल्याने उवा त्यांना दाद देईनाशा झाल्या.

उपाय शेजारच्या खडकांतच होता. समशीतोष्ण समुद्रांच्या खडकाळ किनाऱ्यांवर, शैवालाच्या रानात ‘रॅस’ कुळातले मासे राहतात. जाड ओठ, पुढे आलेले दात आणि जठर नसलेली पचनसंस्था ही त्यांची ओळख. त्यातल्या काही जाती सॅल्मनच्या अंगावरच्या उवा वेचून खातात, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतील शास्त्रज्ञ ओस्मुंड ब्योर्दाल यांनी प्रयोगांतून दाखवले.

औषधाविना इलाज म्हणून त्याचे स्वागत झाले. मागणी एवढी वाढली, की रॅसच्या मासेमारीवर वर्षाला १ कोटी ८० लाखांची मर्यादा घालावी लागली.

अडचण आहे ती या माशांच्या जीवनक्रमात. ‘बॅलन रॅस’ जन्मतः मादीच असतो. त्यातले काही अनेक वर्षांनी नर होतात. वाढही संथ असते. ‘कॉर्कविंग’ जातीचा नर शैवालाचे घरटे बांधून अंड्यांची राखण करतो. घरटे बांधणारे हे नर झपाट्याने वाढतात, म्हणून पकडण्यायोग्य आकाराचेही लवकर होतात. राखणदारच जाळ्यात गेला, तर अंडी वाऱ्यावर पडतात.

पिंजऱ्यातही त्यांचे हाल होतात. लपायला खडकाची कपार नाही, त्यात जखमा आणि रोग. त्यामुळे पुष्कळ रॅस तिथेच मरतात. दूरच्या किनाऱ्यांवरून आणलेले काही मासे निसटून स्थानिक माशांशी संकरही करतात.

आता बॅलन रॅसची पैदास हॅचरीत केली जाते, पिंजऱ्यात आडोशासाठी कृत्रिम शैवाल टांगले जाते आणि उवा टिपणारे लेझरही वापरात आहेत. यातून समुद्रातल्या रॅसवरचा भार किती हलका होतो, हे महत्त्वाचे. औषध टळले म्हणजे उपाय निसर्गाला फुकट पडला, असे होत नाही. सॅल्मनच्या आरोग्याचा हिशेब मांडताना त्याच्या उवा वेचणाऱ्याचे आरोग्यही त्यात धरायला हवे.