पाणी येणार, हे कुणाला कळवायचं?

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसलेल्या नवनगरात कुणी दारोदार जाऊन विचारलं, ‘नळाला पाणी येण्याआधी मोबाइलवर निरोप आला तर चालेल का?’, तर ‘नको’ म्हणणारं घर शोधावं लागेल. पाण्याची वाट पाहण्यात ज्यांचे दिवस गेलेत, त्यांच्याकडून दुसरं उत्तर येणारच कसं? वापरणाऱ्यांना विचारलं की त्यांची गरज कळली, हा वस्तू आणि सेवा घडवणाऱ्यांमधला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. तो तपासून पाहायला हुबळी-धारवाड ही योग्य जागा आहे, कारण असा निरोप पाठवणारी सेवा इथेच सुरू झाली.

सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या रेणुकासागरातून आणि नीरसागर तलावातून या जुळ्या शहरांना पाणी मिळत आलं आहे. 2008च्या सुमारास साधारण एक दशांश भागात चोवीस तास पाणी सुरू झालं. बाकीच्या वस्त्यांत ते काही दिवसांआड, तेही मोजके तास येत राहिलं. पाणी कधी सुटणार हे ठाऊक नसल्यामुळे कुणीतरी घरी थांबायचं, पिंपं-घागरी रिकाम्या करून ठेवायच्या आणि नळाकडे कान लावून बसायचं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून आलेल्या तरुणांनी 2010-11च्या सुमारास हुबळीत ‘नेक्स्टड्रॉप’ सुरू केलं ते या अनिश्चिततेवर तोडगा म्हणून. पाणी आलं की रहिवासीच फोन करून कळवतील, असा आधी विचार होता. ते भरवशाचं ठरेना. मग लक्ष गेलं गल्लोगल्ली फिरून झडपा उघडणाऱ्या व्हॉल्व्हमनकडे. पाणी कुठे, केव्हा सुटणार हे ठाऊक असलेला तोच एक माणूस. त्याने फोनवर नोंद करायची आणि त्या भागातल्या घरांना निरोप जायचा, अशी रचना झाली. व्हॉल्व्हमन ग्राहकांच्या यादीत कुठेच नव्हता, तरी सगळी सेवा त्याच्या एका फोनवर उभी होती.

विचारणं अपुरं का पडतं, हे मानसशास्त्राने कधीच दाखवून दिलं आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 1977 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात एका दुकानातला प्रयोग आहे. नायलॉनच्या पायमोज्यांचे अगदी सारखे चार जोड ओळीने मांडून लोकांना सर्वांत चांगला निवडायला सांगितलं. डावीकडच्या टोकाच्या जोडापेक्षा उजवीकडच्या टोकाचा जोड जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारल्यावर जागेचं नाव कुणीच काढलं नाही. जागेमुळे निवड ठरली असेल का, असं थेट विचारलं तेव्हाही जवळपास सगळ्यांनी ते नाकारलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. आपण काय केलं हे माणसाला ठाऊक असतं, ते का केलं याचं मात्र तो पटेलसं कारण जुळवतो. म्हणूनच माणूस काम करत असताना त्याच्याजवळ उभं राहून, हात जिथे थबकतो तिथेच ‘आत्ता काय झालं?’ असं विचारायचं. कॅरेन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बायर यांनी या रीतीला शिस्त दिली. तिच्यात संशोधक शिकाऊ असतो आणि काम करणारा गुरू.

यावर एक भक्कम आक्षेप आहे: दहा-पंधरा घरं पाहून लाखो लोकांबद्दल काय कळणार? आक्षेप निम्मा खरा आहे. किती लोकांना फरक पडला, हे मोजल्याशिवाय कळत नाही. नेक्स्टड्रॉप पुढे बेंगळुरूत गेलं, तेव्हा तनु कुमार, ॲलिसन पोस्ट आणि ईशा रे यांनी त्याची रीतसर प्रयोग करून पाहणी केली आणि 2018 साली निष्कर्ष मांडले. निरोप मिळणाऱ्या घरांचा पाण्यासाठी थांबण्याचा वेळ कमी झाल्याचं आढळलं नाही, मनावरचा ताण मात्र घटला. इथपर्यंत आकडे आले. असं का झालं, याचा शोध निरोपाची वाट टप्प्याटप्प्याने तपासल्यावरच लागला. मधली माणसं नोंद करत नव्हती, आणि घरातल्या स्त्री-पुरुषांच्या असमान नात्यातही निरोप अडकत होता. पाण्यासाठी थांबते ती बाई, फोन बहुधा पुरुषाच्या हातात. व्हॉल्व्हमनांच्या वागण्याचा वेगळा अभ्यास झाला, त्यात त्यांच्यासोबत राहून केलेली निरीक्षणं आणि सर्वेक्षण दोन्ही होतं. त्यांच्या आर्थिक ओढाताणीचा आणि घरच्या जबाबदाऱ्यांचा नोंद करण्याशी संबंध दिसला. ‘निरोप हवा का?’ या प्रश्नाच्या हजारो होकारांतून यातलं काहीही हाती लागलं नसतं.

दुसरा आक्षेप हेन्री फोर्डच्या तोंडी घातलेल्या वाक्याचा. लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगवान घोडे मागितले असते, असं तो म्हणाल्याचं सांगतात. तो असं म्हणाल्याचा समकालीन पुरावा सापडत नाही. म्हणाला असता तरी त्यातून विचारण्याची मर्यादा दिसते, पाहण्याची नाही. उरला तिसरा आक्षेप: कुणी पाहतंय म्हटल्यावर माणसं वेगळी वागतात. वागतातच, विशेषतः पहिल्या तासाभरात. पण पाणी दोनच तास येणार असेल तर पाहुण्यासाठी घागरी भरणं थांबत नाही, आणि भिंतीशी मांडलेल्या पिंपांची रांग कुणाला दाखवण्यासाठी रातोरात उभी राहत नाही. घरातल्या वस्तूंची मांडणी बोलण्यापेक्षा जुनी असते, म्हणून ती आधी पाहावी.

चोवीस तास पाण्याच्या वस्त्यांतही हे दिसलं. हुबळी-धारवाडच्या पाण्याच्या शुद्धतेचा अभ्यास करणाऱ्यांना अखंड पुरवठा असलेल्या घरांतही पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं आढळलं. ‘तुमच्याकडे पाणी कधी येतं?’ या प्रश्नाला त्या घरांचं उत्तर ‘चोवीस तास’ असंच आलं असतं, आणि स्वयंपाकघरात घागर भरलेली असती.