चित्रपटावाचून गाणे

'डिस्को दीवाने' या ध्वनिमुद्रिकेचे नाव निघाले की जाणकार रसिकांच्या कपाळावर अजूनही एक बारीकशी आठी उमटते. 'ते डिस्कोचे खूळ' एवढ्या शेऱ्यावर विषय संपतो. संगीताच्या दृष्टीने हा शेरा योग्य की अयोग्य, याचा निवाडा जाणकारांनी करावा. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला १९८१ मधील ही घटना एवढ्यावर सोडून देता येत नाही. कराचीत जन्मलेली, जेमतेम सोळा वर्षांची नाझिया हसन आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब यांचा हा पहिलाच संग्रह. त्यात ना नायक होता, ना नायिका, ना कथा. तरीही तो भारतात आणि पाकिस्तानात घरोघरी वाजला. हे कसे घडले?

संयुक्त उत्पादनाची कल्पना वर्गात शिकविताना आपल्याकडे साखर आणि मळी यांचे उदाहरण देतात. मळीसाठी कोणी साखर कारखाना काढत नाही. साखर तयार होताना मळी मिळते आणि तिलाही किंमत येते. हिंदी चित्रपटगीताचे अर्थकारण काहीसे असेच होते. कवी, संगीतकार, वादकांचा ताफा आणि गायक यांचा खर्च निर्माता चित्रपटाच्या खात्यावर टाकी. गाण्याची जाहिरात पडद्यावर आपोआप होई. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीला तयार माल आणि तयार गिऱ्हाईक, दोन्ही मिळत. १९७० च्या सुमारास पॉलिडॉर ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी राहीपर्यंत या व्यवसायात 'एचएमव्ही'ची जवळजवळ मक्तेदारी होती. अशा स्थितीत चित्रपटाचा आधार नसलेल्या गाण्यावर पैसा लावण्याची निकड कोणाला भासणार?

अशा गाण्याला श्रोताच नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. मराठी वाचकाला तर ते मुळीच पटणार नाही. आपल्या भावगीताने चित्रपटाचा टेकू न घेता पिढ्यान्‌पिढ्या श्रोते मिळविले. १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तेव्हा तीही चित्रपटाविनाच घराघरांत पोहोचली. फरक एवढाच की, येथे निर्मात्याची भूमिका आकाशवाणीने केली. मुद्रणाचा खर्च तिचा आणि ओळख करून देण्याचे कामही तिचेच.

'ओळख' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गाणे तयार करण्याला खर्च येतोच. पण ते लोकांच्या कानी पडून ओळखीचे होईपर्यंत जो खर्च येतो, तो त्याहून अवघड असतो. 'डिस्को दीवाने'ने हा खर्च कसा भागविला? प्रामाणिकपणे सांगायचे तर उसनवारीने. १९८० मध्ये फिरोज खान यांच्या 'कुर्बानी' चित्रपटात नाझियाने 'आप जैसा कोई' हे गाणे गायिले. त्याची चाल बंगळूरहून इंग्लंडला जाऊन स्थायिक झालेल्या बिद्दू यांची. कार्ल डग्लस यांचे 'कुंग फू फायटिंग' हे १९७४ चे जगभर गाजलेले गाणे याच बिद्दूंच्या हातून घडले होते. नाझियाचे गाणे लंडनमध्ये मुद्रित झाले, पडद्यावर झीनत अमानवर चित्रित झाले आणि त्यासाठी या शाळकरी मुलीला १९८१ मध्ये फिल्मफेअरचे पार्श्वगायनाचे पारितोषिक मिळाले. भावंडांचा संग्रह बाजारात आला तेव्हा आवाजाची ओळख आधीच झालेली होती. चित्रपटाने भांडवल पुरविले; संग्रहाने ते चित्रपटाबाहेर गुंतविले.

दुसरा हातभार कॅसेटचा. तबकडी काढायची तर मोठा कारखाना हवा. कॅसेटची प्रत लहानशा खोलीतही निघे. आखाती देशांतून परतणाऱ्यांनी आणलेल्या टेपरेकॉर्डरांनी ऐकणाऱ्यांचा वर्ग वाढविला होता. याच सोयीने चोरट्या प्रतींचाही सुकाळ झाला, हे खरे. पण तिनेच सीमाही ओलांडल्या. १९६५ च्या युद्धापासून पाकिस्तानात भारतीय चित्रपटांच्या प्रदर्शनाला बंदी होती. म्हणजे ज्या चित्रपटाने नाझियाला नाव मिळवून दिले, तो तिच्या जन्मगावच्या चित्रपटगृहात लागू शकत नव्हता. तिचा आवाज मात्र दोन्हीकडे वाजत होता. सरकारांनी बंद केलेली दारे खिशात मावणाऱ्या डबीने किलकिली केली.

पुढे काय झाले? या भावंडांचे आणखी चार संग्रह निघाले, शेवटचा १९९२ मध्ये. १९९५ मध्ये उपग्रह वाहिन्यांच्या जोरावर अलिशा चिनॉय यांचा 'मेड इन इंडिया' गाजला. त्याचेही संगीत बिद्दू यांचेच. काही वर्षे चित्रपटबाह्य गाण्याला बरे दिवस आले. मग वाहिन्यांचा वेळ पुन्हा चित्रपटांच्या जाहिरातींनी व्यापला आणि ती लाट ओसरली. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये कर्करोगाने नाझियाचे निधन झाले, तेव्हा ती अवघी पस्तीस वर्षांची होती. २०१२ मध्ये 'डिस्को दीवाने' हे गाणे नव्या साजात 'स्टुडंट ऑफ द इयर' या चित्रपटात आले. चित्रपटाबाहेर स्वतःचे घर मांडणारे गाणे अखेर चित्रपटाच्याच ओसरीवर परतले.

आज गाणे मुद्रित करायला कंपनी लागत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या खोलीत ते मुद्रित करतो आणि त्याच रात्री जगापुढे ठेवतो. म्हणून प्रश्न सुटला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. उत्पादनाचा खर्च उतरला; ओळखीचा उतरलेला नाही. तो ज्याला परवडतो त्याचेच गाणे ऐकू येते, आणि अजूनही तो प्रामुख्याने चित्रपटालाच परवडतो. हा खर्च सार्वजनिक संस्थेने उचलला तर काय घडते, हे पुणे आकाशवाणीने एकदा दाखवून दिले आहे. भावगीताचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने आपल्या नभोवाणीकडे पुन्हा ही मागणी का करू नये? पडद्याचा आधार न मिळाल्याने आपल्या कानी कधी आलेच नाहीत, अशा आवाजांची गणती कोणत्याच ताळेबंदात होत नसते.