केळीच्या खोडातला कागद

खानदेशातल्या वरणगावच्या शिवारात घड कापला की केळीचं खोड आडवं होतं आणि बांधावर कुजत पडतं. त्याच्या धाग्यात सेल्युलोज असतं. लाकडात आणि कापसातही तेच. ते केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक तंतूंत सोडवलं, की त्याला नॅनोसेल्युलोज म्हणतात आणि त्याचा पारदर्शक, चिवट आणि गुंडाळता येईल असा कागद होतो.

असा कागद इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा पाया होऊ शकतो. आज मोबाईलमधली सर्किटची हिरवी पाटी काचतंतू आणि इपॉक्सीची असते. ती कुजत नाही. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला पावभागही नीट पुनर्वापरात गेला नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात झेनचियांग मा यांच्या गटाने २०१५ मध्ये लाकडाच्या नॅनोसेल्युलोजवर लवचीक चिप बसवली. तिचा पाया बुरशीने खाल्ला! ओल शिरू नये म्हणून वर इपॉक्सीचा पातळ थर मात्र द्यावा लागला. खरी अडचण इथेच आहे: वापरात टिकायचं आणि नंतर कुजायचं.

मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा पथदर्शी प्रकल्प उभा राहिला आहे. खानदेशात कापूसही आहे आणि केळीही. हे खोड प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावं, असं मला मनापासून वाटतं.