गर्भपात, वय आणि कुटुंबनियोजन

चेन्नईतील मांबलम स्थानकाच्या पूर्वेस त्यागराय नगराची बाजारपेठ, तर पश्चिमेस वेस्ट मांबलमची दाट मध्यमवर्गीय वस्ती आहे. तेथील पब्लिक हेल्थ सेंटर हे सेवाभावी रुग्णालय 1950 च्या दशकात सुरू झाले. त्याच दशकात मद्रास राज्याने कुटुंबनियोजनात पुढाकार घेतला. 1951 च्या जनगणनेचे आयुक्त आर. ए. गोपालस्वामी यांनी तीन अपत्यांनंतरच्या बाळंतपणास 'अदूरदर्शी मातृत्व' असे काहीसे निष्ठुर नाव दिले होते. पुढे ते मद्रासचे मुख्य सचिव झाले आणि राज्याने नसबंदीवर भर दिला.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडूचा जननदर 1.8 होता आणि निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. परंतु शस्त्रक्रिया ही अपत्ये पुरी झाल्यानंतरची. विवाहापासून तोपर्यंतच्या वर्षांत, म्हणजे बहुधा विशीतच, दोन मुलांत अंतर ठेवण्याची निकड असते. तात्पुरती साधने मात्र अल्प प्रमाणात वापरली जातात. ती उणीव काही अंशी गर्भपात भरून काढतो. भारतात या वयाच्या विवाहित स्त्रियांचे गर्भपात संख्येने अधिक का, याचे हे एक कारण होय. अर्थात गर्भधारणाही याच वयात सर्वाधिक होतात. केवळ संख्येवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

जपानचा अनुभव बोलका आहे. 1948 च्या कायद्यानंतर तेथे 1955 साली अकरा लाखांहून अधिक गर्भपात नोंदले गेले, तेही मुख्यतः विवाहित स्त्रियांचे. निरोधसाधनांचा प्रसार वाढला, तशी ही संख्या उतरत गेली.

महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने 1966 मध्ये भारतात वर्षाकाठी सुमारे 39 लाख गर्भपात करविले जातात असा अंदाज वर्तविला. त्यातून 1971 चा कायदा झाला. साधन निष्फळ ठरल्याचे कारण त्यात केवळ विवाहितेस उपलब्ध होते. 2021 च्या दुरुस्तीने ही अट गेली. अठरा वर्षांखालील मुलीस मात्र पालकाची लेखी संमती लागते, आणि 2012 च्या बालसंरक्षण कायद्यानुसार पोलिसांना कळविणेही बंधनकारक आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीची ओळख गुप्त ठेवण्यास मुभा दिली. वयाने सर्वांत लहान, तिलाच भीतीपोटी विलंब होतो, आणि विलंबाबरोबर धोका वाढतो.

2015 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, गोळ्या घेऊन झाले. रुग्णालयाच्या नोंदवहीतील वयाच्या रकान्यात या स्त्रिया सापडत नाहीत.