जुने सिमेंटचे पत्रे उतरवताय? आधी हे वाचा

भांडुपला टेंभीपाड्यात मित्राच्या खोलीचे जुने पत्रे बदलायचे होते. मजुराने हातोडा उचलला, तेवढ्यात मी थांबवलं.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा फोडला किंवा कापला की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत. आजार दिसायला काही दशकंही जातात.

म्हणून पत्रा आधी पाण्याने भिजवा. हुक-बोल्ट गंजले असतील तर बोल्ट कापा, पत्रा नाही. अख्खा पत्रा दोरीने खाली घ्या.

पत्र्यावर थेट पाय नको. आडव्या पाइपांवर फळी टाका.

तोंडाला रुमाल नको, पी-१०० फिल्टरचा मास्क लावा. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

नवा पत्रा कुठला घ्यावा? कमेंटमध्ये विचारा, सांगतो.