माळावरच्या गवताचा धडा



ऊस नोंदणीसाठी चाकण भागात फिरताना पूर्वी आम्ही माळाकडे 'पडीक' म्हणूनच पाहत असू. "माळ फोडा, पाइपलाइन आणा, ऊस लावा," हा सल्ला पुष्कळांना आम्हीच दिला.

२०१८ साली पावसाने दगा दिला. राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या उन्हाळ्यात असाच एक फोडलेला माळ आम्ही पाहिला. विहिरीने तळ गाठलेला, खोडवा उभ्या जागी वाळलेला. बांधापलीकडचा न फोडलेला माळही पिवळाच होता. पण २०१९ चा पाऊस पडला आणि थोड्याच दिवसांत तो हिरवागार झाला. खोडवा काही फुटला नाही. मालक म्हणाले, "साहेब, आता पडीक कुठलं म्हणायचं?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

यातले मर्म असे. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांचे डोळे जमिनीलगत बुडख्यात असतात. पाते वाळले तरी जीव खाली शाबूत राहतो. कुसळीचे कुसळ ओलाव्याने उलगडते, वाळले की पुन्हा पीळ घेते आणि बी मातीत रुतवते. बोर-बाभळीची मुळे खोल जातात. वाळका पाला मातीवर पांघरूण घालतो. त्यामुळे ऊन कमी लागते आणि मुसळधार पावसातही माती वाहून जात नाही.

पुरंदरात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकरापुरते पाणी, आणि उसाला मुळीच नाही, असा त्यांचा नियम. आम्हा ऊसवाल्यांना हे झोंबते खरे; पण पाणी पाहून पीक घ्यावे, ही गोष्ट खोटी नाही.

तेव्हा सभासदांना आमची विनंती :

पाचट पेटवू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. माळाचेच पांघरूण उसाला मिळेल.

नवी लागण करण्यापूर्वी विहिरीचे मे महिन्यातले पाणी पाहा, श्रावणातले नव्हे. पाणी बेताचे असेल तर क्षेत्र कमी धरा, ठिबक करा.

राहिलेला माळ फोडू नका. दुष्काळात जनावरांची वैरण तिथेच आहे.

नोंदणी चार एकर कमी झाली तरी चालेल. लावलेला ऊस गाळपाला आला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी