ध्रुवप्रकाशाच्या दर्शनाची पूर्वतयारी

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मंदिरांतील किरणोत्सव तेथील घराघरांत ठाऊक आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांस आणि पुन्हा जानेवारीअखेर मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून थेट गाभाऱ्यांत येतात. तारखा ठरलेल्या असूनहि एखादा ढग आडवा आला, कीं भाविकांस हिरमुसलें होऊन परतावें लागतें. उत्तरेकडील ध्रुवप्रकाशाची गोष्ट याहून बिकट आहे. तेथें ढगांची धास्ती आहेच, शिवाय तिथीहि कोणी सांगूं शकत नाहीं. हल्लीं कित्येक मराठी कुटुंबें त्यासाठीं नॉर्वे, फिनलंड, आइसलंड येथें जातात. घरची शिल्लक खर्ची घालण्यापूर्वीं हा प्रकाश कसा उत्पन्न होतो, हें जाणून घेणें हिताचें होय.

सूर्यापासून विद्युद्भारित कणांचा प्रवाह अखंड वाहत असतो. पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र त्यास अडवितें. परंतु त्याची कांहीं शक्ति त्या क्षेत्रांत सांठते आणि कण चुंबकीय रेषांच्या वाटेनें ध्रुवांभोंवतालच्या वातावरणांत वेगानें उतरतात. त्यांच्या आघातानें सुमारें १०० किलोमीटर उंचीवरील प्राणवायु हिरवा, तर २०० किलोमीटरांहून उंचावरील प्राणवायु तांबडा प्रकाश देतो. जांभळट छटा नत्रवायूची. हें सर्व नेमकें ध्रुवावर घडत नाहीं. ध्रुवाभोंवतीं एक कडें असतें, त्याखालीं घडतें. नॉर्वेमधील ट्रॉम्सो, सुमारें ६९ अंश अक्षांशावर, या कड्याखालीं येतें. सुमारें १७ अंशांवरील कोल्हापूर त्यापासून फार दूर राहिलें.

तथापि महाराष्ट्राचा या विषयाशीं जुना संबंध आहे. सप्टेंबर १८५९ मध्यें सूर्यावरून प्रचंड वादळ आलें, तेव्हां मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनें चुंबकीय क्षेत्राची जी विलक्षण घट टिपली, ती आजहि जगांतील शास्त्रज्ञ अभ्यासितात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्रीं तर मुंबईच्या आकाशांतहि ध्रुवप्रकाशाची अंधुक झांक दिसल्याची नोंद आहे. पुढें विजेच्या ट्रामगाड्यांमुळें मोजमापांत व्यत्यय येईल म्हणून हें काम १९०४ सालीं अलिबागेस नेण्यांत आलें. मे २०२४ मध्यें लडाखांतील हानले येथील कॅमेऱ्यांनीं असाच तांबडा प्रकाश टिपला. परंतु अशीं वादळें क्वचित् येतात. घरबसल्या वाट पाहणाऱ्याचें आयुष्य सरेल. म्हणून कड्याखालींच गेलें पाहिजे.

केव्हां जावें? उन्हाळ्यांत तेथें रात्रच होत नाहीं. सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंतचा काळ योग्य. थंडी जितकी कडक तितका प्रकाश अधिक, ही समजूत चुकीची आहे. थंडीचा व त्याचा कार्यकारणसंबंध नाहीं. उलट सप्टेंबर व मार्च या विषुवदिनांच्या महिन्यांत चुंबकीय वादळें अधिक होतात आणि थंडीहि सोसवते. चांदणें नसलेल्या रात्री निवडाव्या, व रात्रीं नऊपासून एकपर्यंत जागें राहावें. सूर्यावरील वादळास पृथ्वीपर्यंत येण्यास एक ते तीन दिवस लागतात. त्यामुळें भरंवशाचें भाकीत तेवढेंच आधीं मिळतें. सहा महिने आधीं तिकीट काढणाऱ्यास प्रकाशाची हमी देणारा व्यापारी खरें बोलत नाहीं.

हमी नाहीं, परंतु हिशेब मांडतां येतो. दर रात्रीं दर्शनाचा संभव निम्मा धरला व रात्री परस्परांवर अवलंबून नाहींत असें मानलें, तर एकच रात्र राहणारे निम्मे लोक निराश होतील. चार रात्री राहणाऱ्यांपैकीं सोळांत एकच. म्हणून पांच शहरें धांवत पाहण्यापेक्षां एकाच ठिकाणीं चार-पांच रात्री काढाव्या. स्वीडनमधील आबिस्को येथें पश्चिमेकडील डोंगर ढग अडवितात, हें ध्यानांत ठेवावें.

कागदपत्रांची तयारी वेळींच करावी. शेंगेन देशांच्या व्हिसासाठीं अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत व निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाहि लागतो. अंगालगत सुती कपडा नसावा, कारण तो घाम धरून ठेवतो; लोकरीचा असावा. बर्फाळ रस्त्यावर वृद्धांचा पाय घसरण्याची भीति मोठी; त्यांच्यासाठीं खिळ्यांचीं पादत्राणें घ्यावीं.

आणखी एक गोष्ट आधींच मनाशीं बांधावी. छायाचित्रांतील झगझगीत हिरवा रंग कॅमेऱ्याच्या दीर्घ प्रकाशग्रहणाचा असतो. डोळ्यांस मंद प्रकाश पुष्कळदां करड्या ढगासारखाच भासतो. हें ठाऊक असलेला प्रवासी त्या करड्या पट्ट्याकडे पाठ फिरवीत नाहीं. तो थांबतो, आणि पुष्कळदां थोड्या वेळानें तोच पट्टा नाचूं लागतो. मात्र दर्शन न झाल्यास ज्या घरास खर्चाचा चटका वर्षानुवर्षें सोसावा लागेल, त्यानें कर्ज काढून ही यात्रा करूं नये.